राजाच्या नावाचा आठवडा

१८८१ सालच्या जूनच्या सुरुवातीला, पावसाळा तोंडावर असताना, मुंबई बंदरातून एक राजा बोटीत चढला आणि सुवेझच्या दिशेने निघून गेला. त्याचं नाव डेव्हिड कालाकाउआ. पॅसिफिक महासागराच्या मधोमध वसलेल्या हवाई बेटांचं राज्य त्याच्याकडे होतं आणि तो पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. गादीवर असताना अशी प्रदक्षिणा पुरी करणारा जगातला तो पहिलाच राजा. जपान, चीन, सयाम, ब्रह्मदेश करत तो कलकत्त्याला उतरला आणि आगगाडीने देश ओलांडून मुंबईला आला. उसाच्या मळ्यांसाठी मजूर मिळवणं हे दौऱ्याचं सांगायचं कारण होतं. मुंबईचा जुना इतिहास मी आवडीने वाचत आले आहे, पण ही भेट मला कळली ती थेट हवाईतल्या हिलोला गेल्यावर. तिथे दरवर्षी ईस्टरनंतरचा आठवडा या राजाच्या नावाने साजरा होतो. त्या उत्सवाचं नाव ‘मेरी मोनार्क’. मौजेची आवड असलेल्या या राजाला लोकांनी दिलेलं ते टोपणनाव.

मौजेचा भाग खरा होता. त्याला नाचगाणं, मेजवान्या, पत्ते, सगळंच आवडायचं. पण त्याने केलेलं मोठं काम वेगळंच आहे. १८२० साली बॉस्टनहून मिशनरी हवाईत आले. दहा वर्षांत राज्यकारभार हाकणारी राणी काआहुमानू ख्रिस्ती झाली आणि १८३० साली तिने हुला नाचावर जाहीर बंदी घातली. पुढे बंदी सैल झाली तरी चारचौघांत हुला करायचा तर सरकारी परवाना लागे. हवाईयन भाषेला लिपी मिळाली तीही या मिशनऱ्यांकडून. त्याआधीची कित्येक शतकं वंशावळी, देवांच्या कथा, समुद्रवाटा, एकेका दरीतल्या वाऱ्याचं आणि पावसाचं नाव, हे सगळं मंत्रांत आणि गीतांत साठवलेलं होतं, आणि हुलामधले हात ते गीत डोळ्यांना दाखवत. नाचावर बंदी म्हणजे या सगळ्या पाठांतरावर बंदी. तरी ते मेलं नाही. दूरच्या गावांत, घरांच्या मागच्या अंगणात, आजी नातीला शिकवत राहिली.

कालाकाउआने ते अंगणातून उचलून राजवाड्यासमोर आणलं. १८८३ च्या फेब्रुवारीत होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यात त्याचा राज्याभिषेक झाला आणि त्या सोहळ्यात उघड्या पटांगणात हुला झाला. गोऱ्या मंडळींचा इतका संताप झाला, की कार्यक्रमपत्रिकेत छापलेली गीतं अश्लील आहेत म्हणून छापखान्याचं प्रकरण कोर्टात गेलं. राजा हटला नाही. १८८६ साली पन्नासाव्या वाढदिवसाला त्याने पुन्हा हुलावाल्यांना बोलावलं. दुसऱ्याच वर्षी मळेवाल्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी बंदुकीच्या धाकाने त्याच्याकडून नव्या राज्यघटनेवर सही करून घेतली आणि त्याची सत्ता कापून टाकली. १८९१ साली तो सॅन फ्रान्सिस्कोत वारला. गादीवर आलेली त्याची बहीण लिलिउओकलानी हिला १८९३ च्या जानेवारीत पदच्युत केलं गेलं. त्याच सुमारास पुण्यात गणपती घराघरांतून मांडवात येत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण सत्ता हातातून गेलेली किंवा जाऊ घातलेली असताना आपला सण चारचौघांत, उजेडात, मोठ्या आवाजात साजरा करणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

हिलो हे हवाईच्या सगळ्यांत मोठ्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं शहर. माझी मावसबहीण तिथल्या विद्यापीठात शिकवते, म्हणून मी तिथे जाऊ शकले. वर्षाला तीन मीटरच्या वर पाऊस पडतो. सकाळी ऊन, दुपारी सर, रात्रभर पन्हाळ्यांचा आवाज. कोकणातला जुलै बारा महिने पुरवून वापरावा तसं हे गाव आहे. भिंतींना शेवाळ, रस्त्याच्या कडेला नेचे, कुंपणाच्या खांबाला फुटलेली पालवी. विमानतळावरून घरी जाताना माझा हात पिशवीतल्या छत्रीकडे गेला, तेव्हा बहीण म्हणाली, “ताई, राहू दे. भिजलीस तर वाळशील.”

किनाऱ्याला लागून मोठं मोकळं मैदान आहे. एवढ्या मोक्याच्या जागी बांधकाम कसं नाही, असं वाटतं. तिथे पूर्वी वस्ती होती. १९४६ च्या १ एप्रिलला त्सुनामी आली आणि हिलोतली ९६ माणसं गेली. लोकांनी पुन्हा घरं बांधली. १९६० च्या मे महिन्यात चिलीत भूकंप झाला, मोजदाद सुरू झाल्यापासूनचा सगळ्यांत मोठा, आणि तिथून निघालेली लाट अर्धा महासागर ओलांडून २३ तारखेच्या मध्यरात्रीनंतर हिलोवर येऊन आदळली. ६१ माणसं गेली. रस्त्याकडेला एक हिरवं उंच घड्याळ उभं आहे, ते एक वाजून चार मिनिटांवर थांबलेलं आहे.  किनारपट्टीवर पुन्हा वस्ती करायची नाही असं शहराने ठरवलं.

उत्सव जन्मला तो या पडझडीतून. बंदर मोडलेलं, व्यापार बसलेला, उसाच्या धंद्याला उतरती कळा. त्या वेळी या बेटाच्या प्रशासनाच्या प्रमुख हेलीन हेल नावाच्या बाई होत्या. त्यांनी आपले सहायक जीन विल्हेम आणि हुलागुरू जॉर्ज नाओपे यांना शेजारच्या माउई बेटावर धाडलं. तिथे लहायना गावात देवमाशांच्या शिकारीच्या जुन्या दिवसांच्या आठवणीत एक जत्रा भरत असे. ती पाहून या आणि आपल्याला काय करता येईल सांगा, असं काम. ते दोघे कालाकाउआची कल्पना घेऊन परतले. १९६४ साली पहिला उत्सव झाला. त्यात राज्याभिषेकाचा देखावा होता, मेजवानी-नृत्याची रात्र होती आणि राजासारखे दाढी-कल्ले कुणाचे, याची स्पर्धा होती! चार वर्षांत लोकांचा उत्साह ओसरला. १९६८ साली तर आता हे कोण चालवणार, असा प्रश्न आला, तेव्हा डॉटी थॉम्पसन नावाच्या बाई पुढे झाल्या.

माझ्या मते या उत्सवाची खरी गोष्ट इथे सुरू होते. दिवे लावा, बाजार वाढवा, मोठे कलाकार आणा, हा बुडत्या उत्सवाला वाचवायचा नेहमीचा उपाय. थॉम्पसनबाईंनी उलट केलं. राजाने ज्यासाठी बोलणी खाल्ली ती एकच गोष्ट त्यांनी निवडली, हुला. १९७१ साली नाओपे आणि आल्बर्ट नाहालेआ यांच्या मदतीने त्यांनी हुलाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी बायकांचे नऊ संघ आले. १९७६ पासून पुरुषही उतरले. बाकीचं हळूहळू गळून पडलं. दाढ्यांच्या स्पर्धेची आज कुणाला आठवणही नसते.

हा उत्सव प्राचीन नाही, आणि तसा दावा कुणी करतही नाही. प्राचीन म्हणावा असा होता मकाहिकी. आपल्या कार्तिकाला ज्यांनी नाव दिलं त्या कृत्तिका संध्याकाळी पूर्वेला उगवल्या की तो सुरू व्हायचा आणि जवळजवळ चार महिने चालायचा. लोनो या देवाची काठी मिरवणुकीने बेटाला फेरी घालायची, गावोगावी सारा गोळा व्हायचा, कुस्त्या आणि खेळ व्हायचे, लढाई मात्र पूर्ण बंद. कॅप्टन कूक १७७९ च्या जानेवारीत केआलाकेकुआच्या उपसागरात शिरला तो या दिवसांत. १८१९ साली जुने विधिनिषेध राजघराण्यानेच मोडले आणि मकाहिकीही गेला. आता काही ठिकाणी तो पुन्हा पाळला जाऊ लागला आहे. ताहितीपासून न्यूझीलंडपर्यंत पॉलिनेशियाभर वर्षाची सुरुवात या तारकापुंजाशी जोडलेली आहे, आणि माओरींचा या तारकापुंजाचा सण २०२२ पासून न्यूझीलंडमध्ये राष्ट्रीय सुट्टी आहे. यातलं काहीही मेरी मोनार्कमध्ये नाही. तो साठ वर्षांपूर्वी बेटाच्या प्रशासनाच्या टेबलावर ठरलेला उत्सव आहे. आणि तरीही त्यात मी जे पाहिलं ते मला कुठल्याही जुन्या यात्रेइतकं खरं वाटलं.

बहिणीच्या शेजारी एक आजी राहतात. तिथे मोठ्या वयाच्या प्रत्येक बाईला आंटी म्हणतात, अगदी पोस्टातल्या बाईलासुद्धा, म्हणून त्या माझ्याही आंटी झाल्या, मी साठी गाठली असूनही. तरुणपणी त्यांनी त्या मंचावर हुला केला होता आणि आता त्यांची नात करणार होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांच्या पडवीत सगळ्यांचे हात कामाला लागले होते. बर्फाच्या पेट्यांमध्ये ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले पालापालाई नावाच्या नेच्याचे जुडगे होते, माइलेच्या वेली होत्या. नाचणारीच्या डोक्याला, गळ्याला, मनगटांना आणि घोट्यांना हिरव्या माळा लागतात. आंटींनी माझ्या हातात केळीच्या सोपाचा ओला पट्टा दिला. त्यावर नेच्याचं एक पान धरायचं, त्याचा देठ झाकेल असं दुसरं पान ठेवायचं, दोऱ्याने एक घट्ट वेढा द्यायचा, मग पुढचं पान. गजरा बांधताना बोटं जी चाल पकडतात तीच इथे होती, त्यामुळे मला जमलं. फक्त दोरा किती आवळायचा हे त्या प्रत्येक वेढ्याला बोटाने दाबून पाहत होत्या. सैल राहिला तर नाचताना पान उडेल आणि परीक्षकाला दिसेल. फार आवळला तर देठ तुटेल आणि उद्यापर्यंत पान मान टाकेल.

“हे सगळं जंगलातून तुम्हीच आणता?” मी विचारलं.

“मुलींनीच आणायचं. आधी विचारायचं, मग तोडायचं. एका झाडाचं सगळं नाही घ्यायचं. आणि संपलं की जिथून आणलं तिथे परत नेऊन ठेवायचं.”

पडवीत लेहुआचं लाल फूल कुठेच नव्हतं. हुलाच्या प्रत्येक चित्रात दिसणारं हे फूल ओहिआ झाडाचं. ज्वालामुखीचा लाव्हा थंड झाला की त्या काळ्या खडकावर पहिल्यांदा रुजणाऱ्या झाडांपैकी हे एक. साधारण २०१४ पासून एका बुरशीने या बेटावरची ओहिआची झाडं झपाट्याने वाळू लागली. फांदी तोडली की जखमेतून रोग शिरतो, बुटांच्या चिखलातून तो दुसऱ्या जंगलात जातो. तेव्हा अनेक हुलागुरूंनी ठरवलं, की हे फूल आता वापरायचं नाही. ज्या गीतात लेहुआचं नाव येतं त्या गीतावरही लेहुआशिवाय नाचायचं. देवीच्या पूजेतलं मुख्य फूल देवीच्याच झाडासाठी सोडून देणं सोपं नाही. हुलाची देवता लाका. नृत्यशाळेत तिची वेदी मांडतात, तिच्यावर या रानातल्याच वनस्पती वाहतात. आंटींना मी विचारलं, वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, “झाड राहिलं तर फूल पुन्हा घेता येईल.”

या गावात हुला भरावा हेही योग्यच आहे. हिलोच्या दक्षिणेला पुना नावाचा प्रदेश आहे. अग्नीची देवी पेले हिची धाकटी बहीण हीइआका तिथल्या समुद्रकाठी होपोए नावाच्या मैत्रिणीकडून नाच शिकली, अशी कथा आहे. पुढे पेले संतापली आणि तिने होपोएला लाव्ह्याखाली गाडलं. पेले अजून किलाउएआत राहते. हा ज्वालामुखी हिलोपासून गाडीने तासाभरावर आहे, आणि तो जागा असतो. पेलेच्या गीतांवर नाचणाऱ्या संघात कित्येकांच्या ओळखीतलं कुणीतरी असं असतं, ज्याचं घर लाव्ह्याने नेलेलं आहे.

स्पर्धा होते ते सभागृह मुळात टेनिससाठी बांधलेलं. पत्र्याचं मोठं छप्पर, बाजू उघड्या, बसायला साधे बाक. चार-पाच हजार माणसं मावतात. त्याला आता ईडिथ कानाकाओले यांचं नाव आहे. ही हिलोची हुलागुरू, मंत्र रचणारी, विद्यापीठात शिकवणारी बाई १९७९ साली गेली आणि २०२३ साली अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा आला. बुधवारी स्पर्धा नसते. त्या दिवशी सगळ्यांना फुकट प्रवेश, आणि हवाईबाहेरचे पॉलिनेशियन संघही येतात. गुरुवारी एकेकट्या तरुणींची स्पर्धा, त्यात हवाईयन भाषेवरच्या प्रभुत्वाला वेगळं बक्षीस. शुक्रवारी संघांचा कहिको, म्हणजे जुन्या पद्धतीचा हुला. शनिवारी आउआना, नव्या पद्धतीचा, गिटार आणि उकुलेलेच्या साथीने. उकुलेलेचं मूळही दूरचं. १८७९ साली मडेरा बेटावरून मळ्यांत कामाला आलेल्या पोर्तुगीज मजुरांनी आपलं छोटं वाद्य सोबत आणलं, ते हवाईत रुळलं आणि कालाकाउआने त्याला दरबारात बसवलं.

शुक्रवारी रात्री मी बसले होते ती जागा मंचापासून बरीच लांब. एका बाजूला त्या वर्षीचे ‘राजा’ आणि ‘राणी’ पोशाखात बसलेले. दरवर्षी दोघांची निवड होते, आणि स्पर्धा संपेपर्यंत ते सगळं पाहत बसतात. आंटींच्या नातीचा संघ येण्याआधी जोरदार सर आली. पत्र्यावर असा आवाज, की शेजारणीचं बोलणं ऐकू येईना. निवेदक थांबला नाही. गुरू खाली बसली, पुढ्यात दोन भोपळे एकावर एक जोडून केलेलं इपू. ते तिने एकदा जमिनीवर आपटलं. तो आवाज पावसाच्या खालून आला, पोटात जाणवेल असा. मग बोटांनी त्याच्या पोटावर थाप. आपट, थाप, थाप. मुली गुडघे खोल वाकवून मंचावर आल्या. वीस-बावीस जणी असतील. पंधरा वर्षांची एक होती, चाळिशीतलीही होती. जाड मांड्या, रुंद खांदे, काळे मोकळे केस. चेहऱ्यावर ते पर्यटनाच्या जाहिरातीतलं हसू नव्हतं. गुरू गात होती, मुली मधूनच एका आवाजात उत्तर देत होत्या, आणि त्या सगळ्या हातांचे तळवे एकाच कोनात वळत होते. गुडघा खाली, टाच वर, कंबर गोल, आणि डोळे कायम हाताच्या मागे. लाटेचा हात असेल तर डोळ्यांतही समुद्र. शेवटी एका ओळीत थांबून त्यांनी गीत कुणाच्या नावाचं ते ओरडून सांगितलं. राजाच्याच नावाचं होतं. लोक बाकांवर उभे राहिले. मीही उभी राहिले आणि ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, मराठीच असणार.

सात-आठ मिनिटांचं हे काम. त्याच्यामागे वर्ष असतं. कुठलं गीत, ते कुणी रचलं, त्यातल्या प्रत्येक ओळीचा अर्थ काय, कपड्याचा रंग असाच का, माळ याच वनस्पतीची का, याची टिपणं संघाला आधी परीक्षकांकडे पाठवावी लागतात. गीत डोंगरातल्या पावसाचं आणि माळ समुद्रकाठच्या फुलांची, असं चालत नाही. परीक्षकही हुलागुरूच. संघ इतर बेटांवरून येतात, कॅलिफोर्नियातूनही येतात. विमानाचे पैसे जमवायला पालक वर्षभर जेवणाची पाकिटं विकतात.

हुलाला गुण कसले द्यायचे, असं म्हणणारे गुरू हवाईत आहेत. काही जण या स्पर्धेत कधीच उतरले नाहीत. त्यांचं म्हणणं मला पटतं, निदान अर्धं. जे लाकाच्या वेदीपुढे होतं त्याला दशांशात मोजणं बोचतंच. स्पर्धेने हात सारखे होतात, मंचावरून उठून दिसेल ते वाढतं, शांत गीतं मागे पडतात. पण दुसरी बाजू मी पडवीत पाहिली. दोऱ्याचा एकेक वेढा बोटाने तपासला जात होता, कारण पाहणाऱ्याला कळणार होतं. कळणारा पाहणारा असणं ही कुठल्याही कलेची मोठी मिळकत आहे, आणि हिलोने ती मिळवली. ओआहू बेटावर १९३७ पासून २००२ पर्यंत एक मोठा हुला कार्यक्रम चालला. कोडॅकचा. पर्यटकांना फोटो काढायला पुरेसा उजेड हवा, म्हणून तो दिवसा असायचा. तिथल्या नर्तकी चांगल्या होत्या, तिथल्या बायकांची घरं त्यावर चालली, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तिथे समोर बसलेल्याला गीत कळत नव्हतं. हिलोत कळतं. एखादा हात चुकला की बाकांवरून उसासा येतो.

आणि म्हणून उत्सव वाढवायचा नाही, हे त्यांनी कटाक्षाने पाळलं आहे. होनोलुलूला हलवला तर याच्या कितीतरी पट लोक येतील, हे काय त्यांना कळत नाही? तिकिटांची मागणी जागांपेक्षा नेहमीच खूप जास्त. कित्येक वर्षं ती फक्त टपालाने मागवावी लागत, ठरल्या तारखेनंतर, पाकिटात पैशाची हुंडी घालून. थॉम्पसनबाईंनंतर त्यांच्या कन्येने कारभार सांभाळला आणि हीच रीत ठेवली. बाकीच्यांनी घरी दूरचित्रवाणीवर पाहावं. अंगणात पाट-ताटं मांडून, शेजारी जमवून, रात्री उशिरापर्यंत सगळं बेट ते पाहतं. आपल्याकडे उत्सवाचं यश मांडवाच्या उंचीवर आणि भिंतीएवढ्या कर्ण्यांवर मोजायची सवय लागलेली असताना मला हे फार मोलाचं वाटलं. २०२० साली साथीमुळे उत्सव रद्द झाला. २०२१ साली प्रेक्षकांविना स्पर्धा घेतली. तिकिटाचा पैसा नाही, गर्दी नाही, तरी घेतली.

भाषेचा धागा यातून वेगळा काढता येत नाही. राज्य गेल्यावर १८९६ साली कायद्याने शाळा इंग्रजीतून झाल्या. मुलं हवाईयन बोलली की मार खायची, हे आंटींनी आपल्या आईकडून ऐकलेलं. १९७० च्या दशकात हुला पुन्हा भरभरून फुलला तेव्हा नाचणाऱ्यांना गीताचा अर्थ कळेना, आणि अर्थ हवा म्हणून तरुण पोरं म्हाताऱ्यांकडे भाषा शिकायला बसली. १९७८ साली हवाईयन राज्याची अधिकृत भाषा झाली. १९८४ साली हवाईयन माध्यमाची पहिली बालवाडी निघाली. आज हिलोच्या विद्यापीठात या भाषेतून पदवीच काय, डॉक्टरेटही करता येते. आंटी मोडकी हवाईयन बोलतात. नात फाडफाड बोलते. पडवीत आजी नातीला माळ शिकवत होती आणि नात आजीला एका क्रियापदाचं रूप सुधारून देत होती. दोघी एकमेकींवर खेकसत होत्या.

नृत्यशाळेत शिरण्याचीही एक रीत आहे. शिष्यांनी दाराबाहेर उभं राहून आत येऊ देण्याची विनंती मंत्रातून गायची. आतून गुरूचं उत्तर आलं तरच पाऊल टाकायचं. नीट म्हटलं नाही तर उत्तर येत नाही, मग पुन्हा म्हणायचं. नात मला सांगत होती, लहान असताना एकदा त्यांचा अख्खा वर्ग पावसात उभा होता. हे सांगताना तिला त्याचा अभिमान वाटत होता.

या रीतीवरूनच आंटी मौना केआकडे वळल्या. हिलोतून आभाळ मोकळं असेल तेव्हा तो चार हजार मीटरहून उंच पर्वत दिसतो, आणि माथ्यावरच्या दुर्बिणींचे पांढरे घुमटही. तिथे तीस मीटर आरशाची नवी दुर्बीण उभारायची योजना आहे. भारत तिच्यात भागीदार आहे आणि सहभागी संस्थांपैकी एक पुण्याची आयुका. २०१४ च्या ऑक्टोबरात भूमिपूजनाच्या वेळी हवाईयन लोकांनी ते अडवलं. २०१९ च्या उन्हाळ्यात पर्वताच्या पायथ्याशी, रस्त्यावर, कित्येक महिने लोक बसून राहिले. वृद्धांना अटक झाली. आणि त्या रस्त्यावर रोज ठरल्या वेळी मंत्र आणि हुला चालायचा. मेरी मोनार्कच्या मंचावरचे गुरू आणि संघ तिथे डांबरावर, थंडीत नाचले. दुर्बिणीचं काम अजून सुरू झालेलं नाही. आंटी तिथे जाऊन आल्या होत्या.

“तू पुण्याची ना?” त्यांनी विचारलं. “तुमच्याकडे डोंगरावर देव असतात का?”

मी म्हटलं, जवळजवळ प्रत्येक डोंगरावर असतो. सप्तशृंगीचं सांगितलं, जेजुरीचं सांगितलं.

“मग तिथे काही बांधायचं झालं तर तुम्ही कुणाला विचारता?”

मला विज्ञानाचं प्रेम आहे. त्या आरशातून जे दिसेल ते माणसाने पाहावं, असं मला वाटतं. आणि सप्तशृंगीच्या माथ्यावर परक्या देशाच्या समितीने जागा आखली असती तर मी काय केलं असतं, हेही मला ठाऊक आहे. हवाईयन लोकांतही दोन्ही मतांची माणसं आहेत, बहिणीच्या विद्यापीठात तर एकाच खोलीत आहेत. पण आंटींचा राग दुर्बिणीवर नव्हता, दारात उभं राहून विचारण्याची पायरी गाळल्यावर होता. आयुका माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या आणि इतर भागीदार संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी एकदा ईस्टरनंतरच्या त्या आठवड्यात हिलोला जावं, स्पर्धेचं तिकीट मिळालं नाही तर बुधवारच्या फुकट रांगेत लवकर जाऊन उभं राहावं, आणि शेजारी जी कुणी आंटी असेल तिच्याशी बोलावं, असं मला मनापासून वाटतं.